पाणी, विस्तव आणि उंची

फिट येणाऱ्या माणसाला डॉक्टर तीन गोष्टींपासून लांब राहायला सांगतात: पाणी, विस्तव आणि उंची. एमबीबीएसच्या पुस्तकात हा सल्ला एका ओळीत उरकलेला असतो. तोंडी परीक्षेत तो सांगितला की परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. कोकणातल्या श्रीवर्धनात ही ओळ उच्चारली की समोरचा माणूस डॉक्टरकडे नुसता बघत राहतो. जीवना बंदरावरचा किंवा भरडखोलचा कोळी पाण्यावर जगतो. वाडीतला गडी पायात दोरीचा फास अडकवून पोफळीवर चढतो, घड उतरवतो आणि खाली न येता झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जातो. बाईमाणूस दिवसभर चुलीशी आणि विहिरीशी असतं. या गावात पाणी, विस्तव आणि उंची वगळली तर रोजगार म्हणून फार काही हाती राहत नाही.

तालुक्यात वर्षानुवर्षं पेशंट बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंना हे एका वाडीकामगाराने अगदी शांतपणे ऐकवलं होतं. "बाई, पोफळीवर नाय चढायचं, दर्यात नाय जायचं. मग खायचं काय, तेवढं पण लिवून द्या." खुर्चीमागे उभे असलेले दोन इंटर्न हसले, आणि हसल्यावर लगेच ओशाळले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी केसपेपर बाजूला ठेवला आणि त्याला विचारलं, फिट दिवसा येते की झोपेत? येण्याआधी काही कळतं का? वाडीचा मालक कोण? शेवटचा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नव्हता, तरी उपचार त्यावर अवलंबून होते, हे त्या दोघा पोरांना बऱ्याच उशिरा कळलं.

(बाईंचं नाव इथे दिलेलं नाही. गाव लहान आहे. डॉक्टर कोण ते कळलं की पेशंटांची घरंही ओळखू येतात, म्हणून पेशंटांचे तपशीलही थोडे बदलले आहेत.)

बाईंच्या हाताखाली नवे डॉक्टर येत-जात असतात. कुणी इंटर्नशिपमधल्या ग्रामीण कामासाठी येतं, कुणी एमबीबीएसनंतरचा सरकारी बॉण्ड पुरा करायला. राज्यभरातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली ही मुलं हुशार असतात, यात वाद नाही. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, म्हटलं की त्यांच्या तोंडून व्याख्या, वर्गीकरण, औषधांची यादी सगळं धडाधड बाहेर पडतं. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून, हेही एखादा सांगून जातो. पण त्याच मुलाने आयुष्यात एकही फिट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली नसते. कॉलेजच्या वॉर्डात पेशंट पोचतो तेव्हा झटके थांबलेले असतात आणि सलाईन चालू असतं.

म्हणून पहिली फिट बघताना काय होतं ते बाईंना पाठ झालं आहे. एका सकाळी केसपेपरच्या रांगेत एक तरुण ताठ होऊन कोसळला. रांग मोडली. कुणी चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली, कुणी कांदा आणायला पळालं, एका आजींनी कमरेची किल्ली काढून त्याच्या मुठीत कोंबायला घेतली. हे सगळं अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हता तो बाईंचा सगळ्यात अभ्यासू इंटर्न. तो गुडघ्यांवर बसला, एका हाताने त्याने त्या तरुणाचा दंड जमिनीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दातांमध्ये जीभ दाबायची लाकडी पट्टी सरकवायला लागला.

बाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्या इंटर्नचा हात बाजूला केला, पट्टी काढून घेतली, जवळचं बाकडं मागे ढकललं आणि तरुणाच्या डोक्याखाली कुणाचीतरी पिशवी सरकवली. झटके ओसरायला लागल्यावर त्याला कुशीवर वळवलं, म्हणजे लाळ आणि जीभ मागे घशात न जाता एका बाजूला येते. दोन मिनिटांच्या आत सगळं थांबलं. तेवढ्यात नर्सने इंजेक्शन भरून आणलं होतं. बाईंनी इंजेक्शनऐवजी चादर मागितली, कारण त्याची पँट ओली झाली होती आणि समोर चाळीसेक माणसं उभी होती. शुद्धीवर आल्यावर तो तरुण पहिलं वाक्य बोलला ते असं: "कोणी बघितलं?"

"पुस्तकात वाचलं होतं मॅडम, तोंडात काही घालायचं नाही म्हणून. पण हात आपोआप गेले," असं तो इंटर्न नंतर म्हणाला. खरंच होतं ते. लहानपणी शेजारच्या कुणाला फिट आली तेव्हा घरच्या मोठ्यांनी जे केलं तेच त्याच्या हातांना माहीत होतं. साडेचार वर्षांचं शिक्षण हातांपर्यंत उतरलंच नव्हतं. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर औषध द्यायचं, एरवी ती आपली आपण थांबते, हे घड्याळ न बघता कळणार कसं?

हातांचं निदान दिसतं तरी. मनाचं दिसत नाही. त्यासाठी बाई एक उद्योग करतात. नव्या तुकडीला चिठ्ठ्या देतात आणि नाव न लिहिता उत्तरं लिहायला सांगतात. फिटचा आजार असलेली मुलगी लग्न करू शकते का? तिला मूल होऊ शकतं का? तुमच्या सख्ख्या भावासाठी असं स्थळ आलं तर? पहिल्या दोन प्रश्नांवर जवळपास सगळे शहाणपणाने 'हो' लिहितात. तिसऱ्यावर चिठ्ठ्या कोऱ्या यायला लागतात, किंवा 'घरच्यांवर अवलंबून' अशा. एकदा एक चिठ्ठी आली: "ती माझी पेशंट असेल तर लग्न कर म्हणून सांगेन. आमच्या घरात नको." ही चिठ्ठी बाईंनी फाडली नाही, आणि कुणाची आहे तेही विचारलं नाही. इतकं खरं लिहिणारा डॉक्टर सुधारण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त, असं त्यांचं मत आहे. आम्हालाही ते पटतं.

या मुलांना दोष देताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: आपला कायदाही परवापरवापर्यंत याच मताचा होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार लिहिलेला होता, आणि तेवढ्यावर लग्न रद्द ठरवून घेता येत होतं. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. आज इंटर्न असलेल्या मुलांच्या आईवडिलांची लग्नं बहुधा त्याआधीच झालेली. घरात बोललं गेलेलं मत कायद्यातला एक शब्द गाळल्याने कसं बदलेल? केरळमधल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. साक्षरतेचा इतका गाजावाजा असलेल्या त्या राज्यातही सुमारे २७ टक्के लोक अपस्माराला वेडाचाच प्रकार मानत होते, आणि ४० टक्क्यांच्या आसपास लोकांना अशा माणसाला नीट नोकरी करता येणार नाही असं वाटत होतं. वैद्यकीय कॉलेजात प्रवेश घेणारी मुलं याच घरांतून येतात आणि सुट्टीत याच घरांत परत जातात.

आता आकड्यांचं. भारतातल्या वीस पाहण्या एकत्र करून १९९९ साली एक आढावा निघाला. त्यात अपस्माराचं प्रमाण हजारी ५.५९ निघालं. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात सोळा-सतरा माणसं. बाई हा हिशेब नव्या मुलांकडून करून घेतात आणि मग नेमून दिलेल्या गावात जाऊन ती माणसं शोधून आणायला सांगतात. मुलं संध्याकाळी दोन-तीन नावं घेऊन परततात आणि म्हणतात, इथे प्रमाण कमी दिसतंय. प्रमाण कमी नसतं. घरात लग्नाची मुलगी असते. मुंबईला कामाला असलेल्या मुलाच्या साहेबाला कळून चालणार नसतं. कुणाच्या फिटा रात्री झोपेत येतात आणि अंथरुणाबाहेर ती बातमी जात नाही. 'फिट येते का कुणाला?' असं दारात उभं राहून विचारणाऱ्या अनोळखी पोराला उत्तर मिळेल कसं? आशाताईंना घेऊन जा, पाणी मागा, बसा, कधी भाजल्याचे डाग आहेत का ते बघा, जिभेची कड बघा, असं बाई सांगतात. दुसऱ्या फेरीत आकडा वाढतो.

आणि काही फिटा समोर असून दिसत नाहीत. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शाळेच्या तक्रारीवरून आली होती. लक्ष नसतं, मध्येच हरवते, शुद्धलेखनात अर्धे शब्द गाळते. इंटर्नने तपासलं, कान-डोळे ठीक म्हणून लिहिलं आणि शेवटी 'समुपदेशन' असा शेरा मारला. बाईंनी टेबलाच्या खणातून कागदी भिरभिरं काढलं, दिवेआगरच्या किनाऱ्यावर विकतात तसलं, आणि मुलीच्या हातात दिलं. "फुंकत राहा हं, मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." मुलगी फुंकायला लागली. भिरभिरं गरगर फिरलं. मिनिट झालं, दीड मिनिट झालं, आणि भिरभिरं हळू होत थांबलं. मुलीचे डोळे उघडेच होते. पापण्यांची किंचित फडफड चालली होती आणि बोटं काडीवर उगाच चाळवत होती. आईने हाक मारली, तिला ती ऐकू गेली नाही. दहाएक सेकंद गेले असतील. मग मुलीने जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा फुंकायला सुरुवात केली. मध्ये काही घडलं याची तिला जाणीवच नव्हती.

जोरजोरात श्वास घेतला-सोडला की 'अ‍ॅबसन्स' जातीची फिट बाहेर काढता येते, हे त्या इंटर्नला ठाऊक होतं. त्या फिटचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), सेकंदाला तीनच्या चालीने येणारे टोक-लाट आकार, त्याच्या वहीत सुबक काढलेला होता. दिवसातून पन्नास वेळा हरवणारं पोर शाळेत 'ढ' म्हणून मार खातं, हे मात्र वहीत नव्हतं. त्यानंतर त्याने उत्साहाने फेनिटॉइन लिहायला घेतलं, कारण फिट म्हटलं की सगळ्यांची पेनं तिकडेच वळतात. बाईंनी त्याचं पेन धरलं. या जातीच्या फिटांना फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन उपयोगाची नाहीत, उलट त्या वाढू शकतात. मुलीला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, एथोसक्सिमाइड सुरू झालं. बाईंनी शाळेतल्या बाईंना स्वतः फोन केला. तो फोन इंटर्नला समोर बसवून केला.

तरुण मुलींच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते, आणि नव्या डॉक्टरांचं अज्ञान इथे सर्वांत महागात पडतं. व्हॅल्प्रोएट हे चांगलं औषध आहे, पण गरोदरपणात घेतलं तर दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला ते देण्याआधी दहादा विचार करावा लागतो. दुसऱ्या टोकाला, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा गार्डिनाल (फेनोबार्बिटोन) घेणाऱ्या बाईला आरोग्य केंद्रातून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी दिली जाते. या औषधांनी यकृत त्या गोळीचा निचरा लवकर करतं, गोळी लटकी पडते आणि बाई नको असताना गरोदर राहते. औषधशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न सोडवलेला डॉक्टर ओपीडीत तो विचारत नाही, कारण समोरची बाई फिटसाठी आली आहे आणि पाळणा लांबवण्याचं रजिस्टर दुसऱ्या खोलीत आहे. मग तीच बाई घाबरून फिटच्या सगळ्या गोळ्या एकदम बंद करते. हे त्याहून वाईट. एकदम औषध सोडलं तर फिट थांबता थांबत नाही अशी वेळ येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

गोळ्या का सुटतात, हा बाईंचा आवडता विषय आहे. तरुण डॉक्टर केसपेपरवर 'औषध नियमित घेत नाही' असं लिहून मोकळे होतात. बाई त्यापुढे 'का?' असं लाल पेनने लिहितात. कारणं पुस्तकात सापडत नाहीत. नव्या नवरीने गोळ्या पावडरच्या डब्यात लपवल्या होत्या आणि सासूने डबा साफ केला. १ जूनपासूनची पावसाळी मासेमारीबंदी उठली, होडी दर्यात गेली आणि पाकीट घरी राहिलं. शिमग्यात पालखीमागे सलग रात्री जागरण झालं. गोळी घेतली होती, पण झोप मोडली, आणि झोपमोड हे फिटला आमंत्रणच असतं. श्रीवर्धनात कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. रमजानच्या तोंडावर एका बॉण्डवरच्या डॉक्टरने पेशंटला ठणकावलं, "रोजे ठेवायचे नाहीत." चाचा मान हलवून गेले. त्यांनी रोजेही ठेवले आणि दुपारची गोळीही सोडली. बाईंनी पुढच्या वर्षी रमजानच्या आधीच त्यांची औषधं सहेरी आणि इफ्तारच्या वेळांना बसवून दिली, आणि रात्रीची झोप किती होणार याचा हिशेब त्यांच्या बेगमला बरोबर घेऊन मांडला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं. करोनाची टाळेबंदी चालूच होती. माड-पोफळी आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद पडले, वीज आणि फोन कित्येक दिवस परतले नाहीत. तेव्हापासून बाई मे महिन्यात फिटच्या प्रत्येक पेशंटला एका महिन्याची जादा पाकिटं घरात ठेवायला लावतात, प्लॅस्टिकच्या डब्यात, तांदळाच्या कोठीपाशी. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. असायला हवं, निदान किनारपट्टीच्या जिल्ह्यांत तरी.

मग त्या पोफळीवरच्या गड्याचं काय झालं? इंटर्नपैकी एकाने सुचवलं, चढाई बंद करायला लावू, नाहीतर फॉर्मवर सही घेऊ. सहीने पोफळ बुटकी होत नाही, असं बाई म्हणाल्या. त्याच्या फिटा झोपेतल्या निघाल्या, पण एकदा दिवसाही आली होती, म्हणजे चढणं बंदच. बाईंनी वाडीच्या मालकाला बोलावण्याआधी गड्याची परवानगी मागितली. तो पंधरा दिवस 'बघतो' म्हणत राहिला. शेवटी मालकापुढे बोलणं झालं ते असं: वर्षभर फिट आली नाही तर पुन्हा विचार करू, तोवर शिंपणं, सुपारी सोलणं, वाळवणं आणि निसर्गनंतर लावलेल्या नव्या झाडांची निगा. चढणाऱ्याची मजुरी जास्त असते, ती बुडाली. त्यावर बाईंकडेही उत्तर नव्हतं. होडीवरच्यांना त्या वेगळं सांगतात: सुकाणू नको, होडीच्या काठाशी एकटं बसायचं नाही, तांडेलाला माहीत पाहिजे, लाइफ जॅकेट अंगात. बायकांना सांगतात, न्हाणीघराची कडी लावू नका, विहिरीवर एकटीने जाऊ नका, जमलं तर चूल सोडून गॅस वापरा. हे सगळं बोलायला पंधरा मिनिटं लागतात. औषध लिहायला एक.

पंधरा मिनिटं कुठून आणायची, असा प्रश्न मुलं विचारतात आणि तो खोटा नाही. ओपीडीत शंभर माणसं बाहेर उभी असताना एका पेशंटच्या मालकाशी बोलणं ही चैनच आहे. डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य यंत्रणेबरोबर ग्रामीण महाराष्ट्रात मोफत शिबिरं घेतली, त्यातून न्यूरॉलॉजिस्ट गावापर्यंत आले. पुण्यात यशोदा वाकणकरांनी स्वतः या आजाराशी झुंज दिली आणि 'संवेदना' हा स्वमदत गट उभा केला. तिथे लग्नाचा प्रश्नही उघडपणे बोलला जातो. पण शिबिर संपल्यावर पुढच्या महिन्याची गोळी देणारा माणूस तोच असतो, बॉण्डवर आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नीट निदान आणि औषध मिळालं तर सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिटा थांबू शकतात. ते सत्तर टक्के त्या पोराच्या हातात आहेत.

२०२१-२२ च्या तुकडीपासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. शिकत असतानाच त्यांनी त्या घरांत जात राहायचं असतं. कॉलेजांनी ती कुटुंबं निवडताना एक तरी घर फिटच्या पेशंटचं निवडावं, एवढीच बाईंची मागणी आहे. शिबिराला एक दिवस जाऊन फोटो काढण्यापेक्षा एका माणसाच्या गोळ्या सलग दोन-तीन वर्षं मोजाव्यात, त्याच्या घरचं लग्न ठरताना किंवा मोडताना जवळून बघावं. आणि अंतिम परीक्षेत केस सांगताना फिट बघितलेल्या माणसाची साक्ष घेतली होती का, हे परीक्षकाने विचारावं. चेहरा कसा झाला, डोळे उघडे होते का, किती वेळ, उठल्यावर ओळखलं का. निदान बहुतेक वेळा तिथेच होतं, एमआरआयच्या आधी.

वाचकांपैकी कुणाच्या घरात किंवा शेजारी हा आजार असेल तर पुढच्या फिटच्या वेळी त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा आणि दुसऱ्या कुणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ते फक्त डॉक्टरला दाखवण्यासाठी. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करा. गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. आणि समोरचा डॉक्टर नवखा असेल तर कामाधंद्याचं, लग्नाचं, उपासतापासाचं आपणहून सांगा. त्याला विचारायचं सुचलं नसेल.